पाण्यात सुकलेली शेवंती

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

संयोगिता,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तोंड वाकडं केलं असशील. कर. फोन कापता येतो तसं पत्र कापता येत न्हाई. फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतंच. तुझा आजेसासरा पलटणीत होता तवा मी लय पत्रं लिहिलीत. शाळा तिसरीपतोर, बाकीचं त्या पत्रांनी शिकवलं. तवा चुका काढत बसू नकोस.

तू घर सोडून रहिमतपूरला मामाच्या रोपवाटिकेत जाऊन राहिलीस त्याला दोन महिनं झालं. मी बोलवायला लिहीत न्हाई. जी नातसून भरल्या ताटावरनं उठून जाती तिला मी बोलवत नसते. एक कामाची गोष्ट विचारायची हाय.

कॅनॉलच्या खालच्या पट्टीत, जिथं तू आठ गादीवाफे उचलून फुलझाडांची रोपं केलीस, तिथं अजून पाणी हाय. मधल्या सऱ्यांत बेडकं बसल्यात. शेवंती गेली, गुलाब गेले, मोगरा गेला. ते तुझ्यासमोरच गेले. तू पाणी द्यायला चुकारपणा केलास म्हणून गेले, असं मी तवा म्हटलं आणि आजबी म्हणते. पानं मान टाकून होती. तहानलेलं झाड आमाला वळखू येत न्हाई व्हय? तू म्हणायचीस, सरीत पाणी हाय की. अगं, पाणी खाली सरीत आणि झाड वर गादीवर. शिडी लावून उतरंल व्हय ते प्यायला?

पण कडेला तू कर्दळ लावलेलीस. मी हसले होते, कर्दळीची जागा मोरीपाशी, तिला वाफ्यात कशाला मान. ती कर्दळ त्याच चिखलात कंबरंएवढी झाली. तिला कुणी पाणी दिलं न्हाई, खत दिलं न्हाई, कुणी बघितलंसुदीक न्हाई. दसऱ्याला लालभडक फुलली. मला राग आला, पण फूल चांगलं होतं.

आता अडचण आईक. तुझा सासरा कृष्णात म्हणतोय, पट्टी कामातनं गेली. साईराजच्या वीटभट्टीला माती देऊ, गुढीपाडव्यानंतर तो मशीन लावून उचलंल. सातबारा माझ्या नावावर हाय, म्हणून माझं हो पाहिजे. मी हो म्हटलंय. म्हंजे निम्मं म्हटलंय. माती एकदा गेली की तिथं खड्डा उरतो, आणि खड्ड्याला काय कुणाची सून नांदवता येत न्हाई.

तर विचारायचं हे, की पाण्यात टिकणारी फुलझाडं अजून कुठली? एकटी कर्दळच हाय, का तिची भावकीबी हाय? कार्डावर चार नावं लिहून टाक. जास्त लिहू नकोस, मला चष्मा लागतोय.

रंगुबाई

६ नोव्हेंबर २०२४

संयोगिता,

कार्ड मिळालं. नमस्कार न्हाई, दिवाळी कशी झाली इचारणं न्हाई. मी नावं मागितली तर तू कामं लावलीस. "पट्टीच्या मधोमध हातभर खड्डा घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी किती खाली आहे ते मोजा. मेलेलं एक झाड उपटा, मुळं बघा, वास घ्या." सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीणबी एवढं कोरडं बोलत न्हाई.

आक्काताईला बोलावलं. ती तुझ्याबरोबर रोज वाफ्यात राबायची, तिला जागा ठाऊक. तिनं खड्डा काढला आणि मी बांधावर बसून कसा काढायचा ते सांगितलं. तर म्हणाली, "मावशी, खड्डा तोंडानं निघत असता तर तुमी आतापतोर विहीर पाडली असती." चढलीया ती बाई. तुझ्याच संगतीनं.

सकाळी बघितलं. टीचभर खाली पाणी. रातभरात कुणी एक थेंब वतला न्हाई, तरी पाणी. जणू जमीनच पाझर फोडून बसलीया.

मग गुलाबाचं एक वाळकं झाड धरलं. ताकद लावायची म्हणून पाय रोवला, तर ते हलक्या हातानंच वर आलं. मुळं काळी. चिमटीत धरलं तर साल भाजल्या शेंगदाण्यागत निसटली. वास गटारीचा. आक्काताईनं पदर नाकाला लावला. मी न्हाई लावला, मला बघायचं होतं.

पंच्याहत्तर वर्सांत तहानंनं मेलेली झाडं मी लय बघितली. त्यांची मुळं काटकीसारखी कडक असत्यात, वास कोरड्या मातीचा. ही मुळं तशी न्हवती. ही तहानंनं मेलेली न्हाईत एवढं मला कळलं. ते लिहून देते. पुढचं लगेच लिहून घेऊ नकोस.

कार्डाच्या तळाला बारीक अक्षरात तू लिहिलंयस, ते मी भिंगातनं तीनदा वाचलं. "मुळं श्वास घेतात. माती पाण्यानं गच्च भरली की तिच्यात हवा राहत नाही. मुळं कुजतात, आणि मग पाण्यात उभं राहूनही झाडाला पाणी ओढता येत नाही. तहानलेलं आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं."

मुळाला नाक कुठं असतंय गं? असं म्हणणार होते. तेवढ्यात आक्काताईनं कर्दळीचा दांडा विळ्यानं आडवा कापून म्होरं धरला. आत बारीक बारीक जाळी, पोकळ. म्हणाली, ह्या वाटंनं वरचा वारा खाली मुळाला पोचतो, म्हणून ही चिखलात जगती, वहिनींनी सांगितलेलं. तिला सांगितलंस. मला न्हाई सांगितलंस.

मला सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं, ती गोष्ट येगळी.

नावं पाठव.

रंगुबाई

१९ डिसेंबर २०२४

संयोगिता,

पार्सल कडेगावच्या स्टँडवरनं कृष्णातनं आणलं. बारदानात गुंडाळलेलं, वर नावाच्या चिठ्ठ्या. सोनटक्क्याचे गड्डे, पांढऱ्या लिलीचे कांदे, कण्हेर, जास्वंद, आणि शेवंतीची दोन रोपं. शेवंती कशाला पाठवलीस ते मला कळलं. ती कशी मरती ते मी डोळ्यांनी बघावं म्हणून.

कृष्णात म्हणाला, "आई, जिला घरात ठेवता आली न्हाई तिची झाडं कशाला ठेवतीस?" मी म्हटलं, "झाडं उलट बोलत न्हाईत म्हणून."

तू लिहिलंस तसं लावलं. दोन ओळी चिखलात, दोन वर गादीवर. आणि खाली तू रेघ मारून लिहिलंस, "लावल्यावर काहीही करायचं नाही. फक्त बघायचं."

बघणं हे काम हाय का? पाचव्या दिवशी लिली जरा मलूल वाटली. मी तांब्याभर पाणी घातलं. एकच तांब्या. आक्काताईनं बघितलं आणि ती तुला फोनवर सांगणार, म्हणून आधीच मी सांगते.

तू विचारलंस, ओढ्याकडं जाणारा चर उघडा हाय का. उघडा न्हाई. बुजलाय. कशानं बुजला ठाऊक न्हाई, कुणाची म्हस गेली असंल काठ तुडवत. पावसाळ्यात अशा गोष्टी व्हत्यात. बघते.

थंडी लय हाय. सोनटक्का वर यायचं नाव घेत न्हाई.

रंगुबाई

१५ जानेवारी २०२५, संक्रांतीचा दुसरा दिवस

संयोगिता,

आज तिळगूळ पाठवायचा तर तो पत्रात चिकटतो, म्हणून पाठवत न्हाई.

आधी झाडांचं. कर्दळीला नवे कोंब आलेत. लिलीनं पानं वर काढली, हिरवीगार, तलवारीसारखी. सोनटक्क्याचं एक नाक बाहेर दिसतंय. कण्हेर रुसल्यागत हाय, पण मेली न्हाई. चिखलातली जास्वंद पिवळी पडली, खालनं वर एकेक पान गाळत गेली, आठवड्यापूर्वी संपली. गादीवरची अजून जीव धरून हाय. आणि शेवंती. चिखलातली शेवंती तेराव्या दिवशी दुपारी मान टाकून बसली. वरनं ऊन, खालनं पाणी. अगदी तशीच, जशी श्रावणात तुझ्या आठही वाफ्यांत बसलेली.

माझा हात तांब्याकडं गेला. तिचं पान बघून कुणाचाबी गेला असता. मग मी हात मागं घेतला आणि रोप उपटून बघितलं. पांढरी मुळं टोकाकडनं काळी व्हायला लागलेली. मी तांब्या वतला असता तर तिला मारायला मदत केली असती, आणि मनात म्हटलं असतं, मी वाचवायला बघितलं.

आता चराचं. म्हस न्हवती. चर मी बुजवला.

पोत्यात माती भरली आणि ओढ्याकडच्या तोंडाला घातली. जुलैच्या शेवटाला. तू वाफे उचललेस, मधी सऱ्या काढल्यास, आणि सगळं पाणी ओढ्याला सोडून दिलंस. मी रोज सकाळी जाऊन बघायचे. पाणी चाललंय. दुपारी बघायचे. पाणी चाललंय.

तू भिलवडीची. कृष्णेच्या काठाला वाढलीस, पाणी घरात शिरलं की माळ्यावर चढून बसायचं हे तुला दुसरीतच ठाऊक. आमच्याकडं बहात्तरच्या दुष्काळात माझ्या लग्नाला दोन वर्सं झालेली. सकाळी खडी फोडायला जायचं, येताना घागर आणायची. त्या पाण्यानं तोंड धुतलं की तेच पाणी भांड्याला, भांड्याचं म्हशीला. म्हस प्यायली न्हाई तर माझी सासू म्हशीला शिव्या द्यायची. टेंभू योजनेचं पाणी ह्या रानात आलं तवा माझे केस पिकले होते. पाणी ओढ्याला जाताना बघितलं की घरातलं कुणी उचलून नेतंय असं वाटतं मला. पाणी जास्त झालं हे वाक्यच ह्या गावात माझ्या वयाच्या बाईच्या तोंडात कवा आलं न्हाई.

म्हणून बुजवला. पाण्यानं झाड मरतं हे मला कुणी सांगितलं न्हाई. ठाऊक असतं तर मी कशाला केलं असतं?

काल आक्काताईला घेऊन पोतं काढलं. दोघींना निघंना, मग पहार घातली. पाणी असं धावलं की तिचा पाय घसरला. तीन दिवसांत खड्ड्यातलं पाणी टीचभरावरनं दोन टीच खाली जाईल म्हणती. पट्टी पुरती कोरडी व्हायची न्हाई, कॅनॉलचा पाझर हाय, पण कर्दळ-लिलीच्या भावकीला चालंल.

तर आता चूक कळली. मी लिहून दिली. तू ये. पाडवा लांब न्हाई आणि साईराज दर बाजारच्या दिवशी इचारतो.

रंगुबाई

१७ मार्च २०२५

संयोगिता,

दोन महिने कार्ड न्हाई. टपालवाल्याला मी इचारायचं सोडलं, तो लांबनंच मान हलवतो.

मी आधी चिडले. म्हटलं, म्हातारीनं चूक कबूल केली, अजून काय पायावर डोकं ठेवायचं का? मग एक दिवस माझंच पत्र मनात परत वाचलं. त्यात एक ओळ खोटी होती. ती तू धरलीस. तुला झाडाचं मूळ बघायची सवय, पान बघून फसणारी तू न्हवंस.

काल गिरणीत गेले. राजारामच्या. गेल्या श्रावणात तुझ्याबद्दल मी पहिल्यांदा तिथंच बोलले होते, दळण होईपतोर. तू कामचुकार, तू दिवसभर फोन बघतीस, नदीकाठच्या पोरीला पाण्याची किंमत काय. तिथनं ते गावभर झालं. जिथं सांडलं तिथनंच भरायचं, म्हणून ज्वारीचा डबा घेऊन गेले. शालूबाई होती, अजून चार बाया होत्या, आणि दाराशी आक्काताई तिच्या दळणाची वाट बघत उभी.

मी म्हटलं, "राजाराम, जरा पट्टा बंद कर. मला बोलायचंय."

तो म्हणाला, "आजी, तुमचा आवाज गिरणीवरनं ऐकू येतोय की."

"बंद कर म्हणते न्हवं!"

केला. मी म्हटलं, माझ्या नातसुनेनं फुलझाडं मारली असं मी सांगितलेलं. ते खोटं हाय. चर मी बुजवला, पाणी तुंबलं, मुळं कुजली. तिनं पाणी दिलं न्हाई ते बरोबर केलं, मी चोरून अडवलं ते चूक. ज्यांनी ज्यांनी माझं ऐकून तिला नावं ठेवली त्यांनी ती आता माझ्या नावावर करावीत.

शालूबाई म्हणाली, "जाऊ द्या हो काकी, तुमाला काय ठाऊक. अडाणी माणसं आपण."

मी मान हलवली. सोपी वाट होती, मी त्या वाटंनं निघालेच होते.

तवा आक्काताई दारातनं बोलली. कधी बोलत न्हाई ती गिरणीत. सगळ्यांच्या मागनं दळणाचा नंबर लावती आणि गप उभी राहती. म्हणाली, "मावशी, पुरं सांगा की. वहिनींनी तुमाला सांगितलेलं. मी तिथंच खुरपत होते."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी तिला म्हटलं, "तू तुझं दळण बघ."

ती म्हणाली, "माझं दळण थांबलंय. तुमीच पट्टा बंद करायला लावला."

राजाराम हसला. मला हसू आलं न्हाई. मी डब्यावर बसले.

आणि सांगितलं. तुलाबी आता लिहून देते, कारण ते तुझ्यासमोर सांगायचं राहिलं.

पहिलं पोतं तू दुसऱ्या दिवशीच काढलंस. माझ्याकडं आलीस, हात चिखलानं भरलेले, आणि अगदी हळू म्हणालीस, "आजी, चर बुजवू नका. पाणी तुंबलं तर झाडं खालनं मरतील." ओरडली असतीस तर बरं झालं असतं, मी दुप्पट ओरडले असते. तू समजावलंस. लहान पोराला समजवावं तसं. पन्नास वर्सं ह्या घरात पाण्याचं मी ठरवलं. दारं कवा धरायची, कुठल्या सरीला किती, कुणाची पाळी कुणाला द्यायची. आणि कालची आलेली तू मला पाणी शिकवतीस.

चार दिवसांनी मी परत पोतं घातलं. दुसरं, मोठं, आणि वर दगड लावला. ठाऊक न्हवतं असं न्हाई. तू नको म्हणालीस म्हणून घातलं.

ते तुला सापडलं तवा शेवंतीनं मान टाकलेली. त्या दिवशी दुपारी कृष्णात, फोनवर तुझा नवरा ऋषिराज, शेजारचे, सगळे जमले. मी तोंड सोडलं. तू एका शब्दानं म्हणू शकली असतीस, आजीनं चर बुजवला. म्हणाली न्हाईस. नुसती माझ्याकडं बघत राहिलीस, मी सांगते का म्हणून. मला वाटतं तू लय वेळ बघितलंस. मग ताटावरनं उठलीस.

राजारामनं पट्टा चालू केला. आक्काताईचं दळण त्यानं सगळ्यांच्या आधी घातलं, तेवढं मी बघितलं.

सांजच्याला मदुरैला ऋषिराजला फोन लावला. सोनं आटवायच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी त्यानं ऐकलं. मग म्हणाला, "आजी, मग मी तिला जे बोललो ते? तुझ्या पाया पड म्हटलं होतं मी तिला."

मी म्हटलं, "ते तुझं तू निस्तर. माझं मी निस्तरतेय. मी म्हटलं म्हणून तू बायकोला काय वाट्टेल ते बोललास, तर बावळट तूबी हायस."

"तुझाच नातू," म्हणाला.

ये म्हणून लिहीत न्हाई. मागच्या पत्रात लिहिलं ते घाई होती. मला वाटलं चूक लिहिली की सून परत मिळती, दुकानात बाटली दिली की डिपॉझिट मिळतं तशी. तसं नसतंय. तू तिथं तुझं काम करतीस, मामा मान देतो असं आक्काताई सांगती. तिथं रुजली असशील तर उपटून घेऊन यायला मी आता भिते.

लिलीला आज पहिलं फूल आलं. पाकळ्या लांब, बारीक, कोळ्याच्या पायागत. मधी पांढरी वाटी. वास सांजच्याला येतो.

रंगुबाई

४ एप्रिल २०२५

संयोगिता,

तुझं कार्ड परवा मिळालं. त्याचं उत्तर शेवटाला देते, आधी पाडव्याचं आईक. कार्ड यायच्या आधीची गोष्ट हाय, तवा तुझ्यासाठी केली असं समजून हुरळू नकोस.

पाडव्याला साईराज टेप घेऊन आला. कृष्णात पट्टीच्या एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला. मी काठी टेकत गेले आणि मधी उभी राहिले.

कृष्णात म्हणाला, "आई, बाजूला हो. ती यायची न्हाई. कुणासाठी राखतीस?"

मी म्हटलं, "कुणासाठी न्हाई. इथं झाडं हायत, म्हणून."

साईराज म्हणाला, "आज्जी, दोन-चार कर्दळी आन् लिल्या. ह्याला रान म्हणत्यात व्हय? दलदल हाय ही."

"दलदलीतबी काय उगवतंय ते तुला दिसतंय न्हवं? मग टेप गुंडाळ. माझं निम्मं हो होतं, ते मी परत घेतलं."

"निम्मं हो कसलं असतंय?" म्हणाला.

"माझं असतंय."

गेला. कृष्णात दोन दिवस जेवताना बोलला न्हाई. तिसऱ्या दिवशी मात्र चराच्या काठावरचं गवत काढताना दिसला. मी बघितलं न्हाई असं केलं.

सोनटक्का गुडघ्याएवढा झाला. कण्हेरीचा रुसवा गेला. पट्टीच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी तीन टीच खाली गेलंय, तिथं आक्काताई म्हणती जास्वंद परत लावून बघू, उंच गादीवर. तिला म्हटलं, तुझ्या वहिनीला इचार, मला इचारू नकोस. तर म्हणाली, "मावशी, तुमी आजारी हायसा का?" सगळ्यांना एकच रोग सुचतो.

आता तुझं कार्ड. "आजी, मी आले तर पाण्याचं कोण ठरवणार?" एवढंच. पुढं सही.

उत्तर लगेच लिहायला बसले होते. तू ठरव, असं लिहिलंबी. मग ते पान फाडलं. लिहायला काय, मी काय बी लिहिते. जानेवारीतबी सगळं खरं लिहिलं असं लिहिलेलं.

काल आपली कॅनॉलच्या पाण्याची पाळी होती. बारा दिवसांनी आलेलं पाणी. ऊन असं की गादीवरची माती वरनं पांढरी पडलेली, आणि जास्वंदीचं एक पान लोंबत होतं. मी कॅनॉलच्या बांधावर जाऊन बसले. पाणी भरून चाललेलं. पाणी वाटणारा पाटकरी सायकलवरनं आला आणि म्हणाला, "रंगुआजी, दार उघडायचं न्हाई का? तुमची पाळी हाय."

मी म्हटलं, "ठाऊक हाय."

"मग?"

"मातीत हात घातला. चार बोटं खाली वल हाय."

तो सायकलवरनं उतरला. "बरं न्हाई का वाटत? कृष्णातला बोलवू?"

"पुढच्याला दे म्हणते न्हवं!"

त्यानं शालूबाईच्या रानाकडं दार फिरवलं. पाणी माझ्या पायापाशी वळलं आणि गेलं. तास-दीड तास जात होतं. मी सगळं बघितलं. दोनदा उठले, दोनदा बसले. एकदा हात दारापतोर नेला. मग हाताला म्हटलं, बस गप.

आज सकाळी पहिल्यांदा जाऊन जास्वंद बघितली. पान तसंच लोंबतंय. ते तहानंनं हाय का पाण्यानं, मला वरनं कळत न्हाई.

तोंड माझं बंद व्हायचं न्हाई, ते सांगून ठेवते. तू चुकलीस तर चारचौघांत बोलीन, न चुकलीस तरी बोलीन. पण पाण्याला हात लावणार न्हाई.

पुढची पाळी पंधरा तारखेला हाय. पाणी घ्यायचं का पुढच्याला द्यायचं ते कळव.

रंगुबाई